दोन वेळूंमधलं अंतर

सपाट जमिनीवर दोन वेळू उभे आहेत. एक १५ हात उंच, दुसरा १० हात. प्रत्येकाच्या शेंड्यापासून दुसऱ्याच्या बुंध्यापर्यंत एकेक दोरी ताणून बांधली आहे. दोन्ही दोऱ्या एकमेकींना जिथे छेदतात, ती जागा जमिनीपासून किती उंच?

भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’त हे उदाहरण आहे, आणि त्यात त्यांनी एक गोष्ट मुद्दाम सांगून ठेवली आहे: दोन वेळूंमधलं अंतर माहीत नाही. दहावीच्या वर्गात समरूपतेचा धडा सुरू करण्याच्या आदल्या दिवशी मी हे गणित फळ्यावर लिहीत असे. पाच मिनिटांत कुणीतरी हात वर करी. “बाई, एक माप लिहायचं राहिलं.” राहिलेलं नाही, दिलेलंच नाही, असं मी सांगे. मग कुजबुज सुरू होई. एखादा धीर करून मधलं अंतर ५ हात धरी. शेजारची मुलगी २० धरी. कुणी वहीची रुंदी पुरावी म्हणून १२ धरी. चौकटी मोजून आकृत्या काढल्या जात, पट्टी लावली जाई, आणि बाकांवरून उत्तरं येऊ लागत. सहा. सहा. साडेपाच, नीट काढ गं, पट्टी सरकलीय तुझी. सहा.

प्रत्येकाची जमीन वेगळी, दोऱ्यांची लांबी वेगळी, उतार वेगळे, आणि उंची मात्र सगळ्यांची ६ हात. हे लक्षात आल्यावर वर्गात जी शांतता पसरते, तिच्यासाठी मी इतकी वर्षं शिकवलं असं म्हटलं तरी चालेल. हे पुस्तकही त्या शांततेतूनच आलं आहे. वेळूंच्या गणिताचा उलगडा मी पुढे करणार आहे. ज्यांना आधी स्वतः करून बघायचं असेल त्यांनी इथेच पुस्तक बाजूला ठेवावं.

पुस्तकाचा विषय साधा आहे. आकृतीतली काही मापं माहीत आहेत, एक माहीत नाही. ते गुणोत्तरावरून काढायचं. शाळेत याला आपण समरूपता म्हणतो, त्याच्या कसोट्या शिकवतो, प्रमेयं पाठ करून घेतो, आणि दोन अपूर्णांकांमध्ये बरोबरचं चिन्ह घालून तिरकस गुणाकार करायला लावतो. तो गुणाकार मुलांना येतो. तिथे कुणी अडत नाही. अडतात ती त्याच्या कितीतरी आधी, आणि आपण शिक्षक नेमके तिथे थांबत नाही.

एक आकृती डोळ्यांपुढे आणा. त्रिकोण कखग. पाया खग १० सेंमी. कख या बाजूवर च हा बिंदू असा, की कच ३ सेंमी आणि चख २ सेंमी. च मधून पायाला समांतर रेषा काढली, ती तिसऱ्या बाजूला छ मध्ये मिळाली. चछ किती? वर्गातली निम्मी मुलं लिहितात: ३ भागिले २ बरोबर चछ भागिले १०. तिरकस गुणाकार बिनचूक. उत्तर १५. आता त्रिकोणाच्या पोटातली रेषा त्याच्या पायापेक्षा लांब झाली! तरीही उत्तराखाली दोन रेघा मारून मुलं पुढच्या गणिताकडे वळतात. इथे गुणाकार चुकला नाही, प्रमेयही आठवलं होतं. चुकलं ते एवढंच, की लहान त्रिकोणाची जोडी कोणत्या त्रिकोणाशी लावायची हे पाहिलं नाही. २ सेंमीचा तुकडा ही कोणत्याच त्रिकोणाची बाजू नाही. लहान त्रिकोणाची बाजू ३, मोठ्याची ५. म्हणून चछ हा १० चा तीन पंचमांश, म्हणजे ६ सेंमी.

पाठ्यपुस्तकात यासाठी ‘एकास एक संगती’ असा नेमका शब्द आहे. मुलं तो परिभाषेतला एक कठीण शब्द म्हणून पाठ करतात. मला तो लग्नाच्या पंगतीतल्या वाढप्यासारखा वाटतो: कोणतं पान कुणाचं हे ज्याला कळतं, त्याच्या हातून पदार्थ चुकीच्या पानात पडत नाही. दोन समरूप त्रिकोण दिसले की आधी सारखे कोन ओळखायचे, मग सारख्या कोनांसमोरच्या बाजूंच्या जोड्या लावायच्या, आणि त्यानंतरच पेन्सिल कागदाला लावायची. या पुस्तकातल्या पहिल्या ४० उदाहरणांत उत्तर विचारलेलंच नाही. फक्त जोड्या लावायच्या आहेत. पालकांना हा वेळेचा अपव्यय वाटेल. माझी विनंती आहे की मुलांना ती घाईने ओलांडू देऊ नयेत.

‘प्रमाण’ हा शब्द आपल्या घरात गणिताच्या कितीतरी आधी येतो. इडलीला तांदूळ आणि उडदाचं प्रमाण काय, असं विचारलं की उत्तर तीनास एक असं येतं. किती वाट्या, हे कुणी सांगत नाही. चार माणसांसाठी करा की चाळिसांसाठी, चव तीच राहायला हवी असेल तर तीनास एक हे बदलायचं नाही. आकाराचंही असंच आहे. त्रिकोण लहान करा, मोठा करा, आरशात उलटा करा. कोन तेच असतील तर बाजूंची आपापसांतली प्रमाणं हलत नाहीत. माप बदलतं, आकार टिकतो. न दिसणाऱ्या मापापर्यंत पोचायचं ते या टिकणाऱ्या गोष्टीला धरून.

आपल्याकडे याला जुनं नाव आहे, त्रैराशिक. तीन राशी माहीत, चौथी काढायची. पहिली प्रमाण, मधली फल, तिसरी इच्छा. प्रमाण आणि इच्छा एका जातीच्या, फल वेगळ्या जातीचं. फलाला इच्छेने गुणा, प्रमाणाने भागा, इच्छाफल मिळेल. ‘लीलावती’तलं केशराचं उदाहरण असं: तीन सप्तमांश निष्कांना अडीच पळं केशर मिळतं, तर ९ निष्कांना किती? साडेबावन्न पळं. या रीतीवर भास्कराचार्यांचा इतका विश्वास, की जसा नारायण सगळं विश्व व्यापून आहे तसं सगळं गणित त्रैराशिकाने व्यापलं आहे, अशा आशयाचं त्यांनी लिहून ठेवलं. पिढ्यानपिढ्या आपल्याकडची मुलं बाजाराच्या हिशोबासाठी त्रैराशिक शिकली. पण तेच त्रैराशिक सावलीला, खांबाला, डोंगराला लावता येतं, हे बाजाराच्या हिशोबात हरवून गेलं. माझ्या विद्यार्थ्यांपैकी कितीतरी जणांना व्याजाची आणि मजुरांची गणितं तोंडी येत, आणि त्रिकोण दिसला की तीच मुलं गप्प होत. दोन्हीकडे काम एकच आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आता वेळू. दोऱ्या छेदतात तिथून जमिनीवर एक लंब सोडा. १० हातांच्या वेळूच्या शेंड्यावरून निघालेली दोरी, तो वेळू आणि जमीन मिळून एक काटकोन त्रिकोण होतो. आपला लंब त्या त्रिकोणातून तशाच आकाराचा एक लहान त्रिकोण कापतो. म्हणून लंब हा १० हातांचा जितका भाग आहे, लंबापासून उंच वेळूपर्यंतची जमीन ही एकूण जमिनीचा तितकाच भाग आहे. दुसऱ्या दोरीकडे बघा. तिथे लंब हा १५ हातांचा जितका भाग, लंबापासून ठेंगण्या वेळूपर्यंतची जमीन एकूण जमिनीचा तितकाच भाग. आता जमिनीचे हे दोन तुकडे जोडले की अख्खी जमीन होते. म्हणजे लंबाचा दहावा भाग आणि लंबाचा पंधरावा भाग यांची बेरीज १. एक दशांश आणि एक पंधरांश मिळून एक षष्ठांश. लंबाचा सहावा भाग १, म्हणून लंब ६.

अंतर कुठे गेलं? ते दोन्ही गुणोत्तरांत होतं, छेदात होतं, आणि दोन तुकडे जोडताच विरघळून गेलं. भास्कराचार्यांची रीत एका ओळीची आहे: वेळूंच्या उंचींच्या गुणाकाराला त्यांच्याच बेरजेने भागा. १५० भागिले २५. मग ते जमिनीचं अंतर मनाला येईल तेवढं, ५ हात, धरून दाखवतात, की लंबाच्या दोन बाजूंना ३ आणि २ हात जमीन येते. अंतर दुसरं धरलं तर तुकडे बदलतील, लंब बदलणार नाही.

इथे मला आणखी एक गणित आठवल्याशिवाय राहत नाही. एका नळाने हौद १० तासांत भरतो, दुसऱ्याने १५ तासांत; दोन्ही सोडले तर? सहा तास. आकडे तेच, बेरीज तीच, एक दशांश अधिक एक पंधरांश. नळाच्या गणितात हौद किती मोठा हे कुणीही विचारत नाही, आणि वेळूंच्या गणितात जमीन किती हे सगळेच विचारतात. ज्या दिवशी एखादी मुलगी उठून म्हणते, “बाई, हे हौदाचंच गणित आहे,” त्या दिवशी तिला समरूपता कळली असं मी समजते. नववीतली एक मुलगी हे माझ्याआधी बोलली होती. मी ते तिच्याकडून शिकले.

दिसत नसलेला त्रिकोण दिसायला लागणं ही या विषयातली खरी कमाई आहे. शाळेच्या आवारात भिंतीजवळ झाड असलं की सकाळच्या उन्हात त्याची सावली आधी जमिनीवर आणि मग भिंतीवर चढते. एकदा आम्ही मोजली: जमिनीवर साडेचार मीटर, भिंतीवर १.२ मीटर. त्याच वेळी एक मीटर काठीची सावली ७५ सेंमी. मुलांनी दोन्ही तुकड्यांची बेरीज केली, ५.७, आणि त्याला ०.७५ ने भागून झाड ७.६ मीटर उंच ठरवलं. ही चूक मला आवडते, कारण ती विचार करून केलेली आहे. पण भिंतीवरची सावली उभी आहे आणि जमिनीवरची आडवी. दोन वेगळ्या जातींची पानं एका पंगतीत बसवता येत नाहीत. उपाय एका रेघेचा. भिंतीवर सावली जिथे संपते, तिथून झाडापर्यंत जमिनीला समांतर रेघ ओढा. रेघेच्या खाली झाडाचा १.२ मीटर भाग राहिला, तो भिंतीने सरळच मोजून दिला. रेघेच्या वर एक त्रिकोण राहिला, त्याचा पाया साडेचार मीटर. काठीच्या त्रिकोणाशी त्याची जोडी लावली की वरचा भाग ६ मीटर. झाड ७.२ मीटर.

ही रेघ आमची नव्हे. ‘लीलावती’च्या छायाव्यवहारात दिव्याचं उदाहरण आहे. साडेतीन हात उंचीवर दिवा, त्याच्यापासून ३ हातांवर १२ अंगुळांचा शंकू, म्हणजे सावली मोजण्याची उभी खुंटी. शंकूची सावली किती? हात २४ अंगुळांचा, म्हणून शंकू अर्धा हात. दिव्याच्या उंचीतून तो वजा केला की राहतात ३ हात, आणि मधली जमीनही ३ हात. म्हणजे प्रकाश जितका पुढे सरकतो तितकाच खाली येतो. मग शंकूची सावली शंकूइतकीच, १२ अंगुळं. दिव्याच्या उंचीतून शंकू वजा करणं आणि भिंतीवरच्या सावलीच्या टोकापासून आडवी रेघ ओढणं, ही एकच कृती आहे. पुस्तकातलं तिसरं प्रकरण पूर्णपणे या एका रेघेवर आहे, आणि ते सगळ्यात लांबलेलं आहे. लांबवलं ते जाणूनबुजून.

शंकूच्या सावल्या दोन घेतल्या, तर दिव्यापर्यंत पोचावंही लागत नाही. पहिल्या जागी सावली ८ अंगुळं, दिव्यापासून आणखी २ हात दूर सरकवल्यावर १२ अंगुळं. एवढ्यावरून दिवा साडेसहा हात उंच निघतो. ही पद्धत भास्कराचार्यांच्या साडेसहाशे वर्षं आधी, ४९९ सालच्या ‘आर्यभटीया’च्या गणितपादातही सापडते. मध्ये नदी असो, दरी असो, परक्याचं कुंपण असो, जिथे जाता येत नाही तिथली उंची दोन ठिकाणांहून बघून मोजता येते. याची रीत पाचव्या प्रकरणात आहे. तिथे मी घाई केली नाही, वाचकानेही करू नये.

ग्रीकांकडे सावलीची गोष्ट थेलीसच्या नावावर सांगतात. स्वतःची सावली आपल्या उंचीइतकी होईल त्या घटकेला त्याने पिरॅमिडची सावली मोजली, अशी एक आवृत्ती. काठी रोवून गुणोत्तराने काढली, अशी दुसरी. मला दुसरी अधिक महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात त्या एका घटकेची वाट बघावी लागत नाही. पण तर्कशुद्ध पाया घातला तो युक्लिडने. त्याच्या भूमितीच्या ग्रंथातल्या सहाव्या पुस्तकातलं पहिलं विधान सांगतं, की उंची समान असलेल्या त्रिकोणांची क्षेत्रफळं त्यांच्या पायांच्या प्रमाणात असतात, आणि दुसरं विधान, म्हणजे आपलं ‘प्रमाणाचं मूलभूत प्रमेय’, त्या पहिल्यावर उभं आहे. आपल्या दहावीच्या पाठ्यपुस्तकातली मांडणीही हीच: आधी क्षेत्रफळांचं गुणोत्तर, मग समांतर रेषा. मुलं विचारतात, लांबीच्या धड्यात क्षेत्रफळ मध्येच कुठून आलं? प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याचं उत्तर द्यायलाच हवं. लांब्यांची प्रमाणं का टिकतात, हे सिद्ध करायला क्षेत्रफळासारखी सहज मोजता येणारी, तुकडे करून जोडता येणारी गोष्ट हाताशी लागते. युक्लिडचा ग्रंथ अठराव्या शतकात सवाई जयसिंगाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटांनी अरबीवरून संस्कृतात ‘रेखागणित’ या नावाने आणला. त्याआधी आपल्याकडे समरूप त्रिकोण वापरले जात होते, भरपूर आणि अचूक. सिद्धतेची साखळी वेगळ्या पद्धतीने विणलेली होती.

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त अशा सिद्धतेचा एक देखणा नमुना आहे. काटकोन त्रिकोणाच्या बाजू १५ आणि २०, कर्ण काढायचा. काटकोनातून कर्णावर लंब टाका. त्रिकोणाचे दोन तुकडे होतात आणि दोघांचाही आकार मूळ त्रिकोणाचाच. त्रैराशिक लावलं की कर्णाचा एक तुकडा २२५ भागिले कर्ण, दुसरा ४०० भागिले कर्ण. दोन्ही मिळून कर्ण. म्हणजे कर्णाचा वर्ग ६२५, कर्ण २५. पायथागोरसचं प्रमेय इथे गुणोत्तरातून आपोआप खाली पडतं, पिकलेल्या फळासारखं. मुलांना हे प्रमेय आणि समरूपता दोन वेगळ्या धड्यांत भेटतात. या पुस्तकात मी ती एकाच प्रकरणात ठेवली आहेत.

गुणोत्तराची मर्यादाही सांगायला हवी, नाहीतर मुलं ते सगळीकडे लावत सुटतात. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असताना एक मीटर काठीची सावली १.७३ मीटर असते. सूर्य ६० अंशांवर आला की सावली निम्मी व्हावी असं वाटतं, पण ती ०.५८ मीटर होते, मूळच्या एक तृतीयांश. कोन आणि लांबी यांच्यात त्रैराशिक चालत नाही. म्हणून कोनाकोनाला गुणोत्तरांचा तक्ता करावा लागला. आर्यभटांनी २४ ज्यांचा तक्ता दिला. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. हा शब्द अरबीत जाताना ‘जिबा’ झाला, तिथे लिपीमुळे ‘जैब’ असा वाचला गेला, जैब म्हणजे कपड्याचा घोळ किंवा खिसा, आणि त्याचं लॅटिन भाषांतर होऊन ‘साइन’ बनून तो आपल्याच पाठ्यपुस्तकात परत आला. त्रिकोणमिती म्हणजे समरूपतेचाच हिशोब, आगाऊ करून ठेवलेला. दहावीत सहाव्या धड्यात ती येते तेव्हा मुलांना नवा विषय आल्यासारखं वाटतं, आणि पहिल्या धड्याची आठवण कुणी करून देत नाही.

दुसरी मर्यादा मोदकाची. गेल्या गणपतीच्या दुप्पट उंच मोदक करायचे ठरवले तर सारण किती लागेल? दुप्पट, असं घरातली मंडळी म्हणतील. ज्यांच्या हातांनी कधी मोदक वळले आहेत त्या मात्र थांबतील. लांबी, रुंदी, उंची तिन्ही दुप्पट, म्हणून सारण आठपट. उकडीची जाडी तीच ठेवली तर उकड चौपट. लांबीचं गुणोत्तर, क्षेत्रफळाचं गुणोत्तर म्हणजे त्याचा वर्ग, घनफळाचं म्हणजे त्याचा घन. सर्वेक्षण विभागाच्या ५० हजारास एक या प्रमाणाच्या नकाशात २ सेंमी म्हणजे एक किलोमीटर. पण १ चौरस सेंमी म्हणजे अर्धा चौरस किलोमीटर नव्हे, पाव. जमिनीच्या नकाशाशी व्यवहार पडतो त्या प्रत्येकाला हा पावाचा फरक ठाऊक असावा, असं मला मनापासून वाटतं. शेताच्या वाटण्यांमध्ये लोकांचं नुकसान कोर्टात जाण्याआधी कागदावरच झालेलं असतं.

आणि शेवटची, सगळ्यात मोठी मर्यादा. चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर आणि अंतर सरासरी ३,८४,४०० किलोमीटर. गुणोत्तर सुमारे १११. सूर्याचा व्यास सुमारे १३ लाख ९२ हजार, अंतर सुमारे १५ कोटी; गुणोत्तर सुमारे १०७. ही दोन गुणोत्तरं इतकी जवळ आहेत म्हणूनच खग्रास ग्रहणात चंद्र सूर्याला झाकू शकतो. सेंटीमीटरभर रुंद कागदी चकती डोळ्यापासून एक मीटरच्या जरा पुढे धरली की चंद्र तिच्यामागे जातो, आणि एवढ्यावर हे गुणोत्तर कुणालाही घरी काढता येतं. पण त्यावरून चंद्र किती मोठा हे कळत नाही, किती दूर हेही कळत नाही. तो थाळीएवढा आणि खिडकीबाहेर असता तरी गुणोत्तर हेच निघालं असतं. एक तरी लांबी खरोखर मोजलेली हातात हवी. १८०२ साली मोजणी अधिकारी लॅम्बटनने मद्रासजवळ साडेसात मैलांची आधाररेषा साखळीने मोजून घेतली, त्यानंतर त्रिकोणामागून त्रिकोण जोडत हिंदुस्थानची मोजणी उत्तरेकडे सरकत गेली. त्याच मोहिमेच्या आकडेमोडीतून १८५२ साली राधानाथ सिकदारांनी जगातल्या सर्वांत उंच शिखराची उंची काढली. तिथे कुणी चढलेलं नव्हतं. साडेसात मैल साखळी मात्र माणसांनी ओढली होती, आणि ती चुकली असती तर पुढचं सगळं चुकलं असतं. म्हणून मुलांना मी एवढा आग्रह करते: काठी मोजताना डोळे मिटू नका.

एकदा मुलांना घेऊन मी चाळीसगावजवळच्या पाटणला गेले होते. तिथल्या देवळातला शिलालेख शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०७ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादवांच्या सिंघणाचा ज्योतिषी, याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ उभारला आणि स्थानिक निकुंभ राजांनी त्याला दान दिलं, हे त्यात कोरलं आहे. संस्कृत संपलं की शेवटच्या ओळी त्या काळच्या मराठीत येतात. मठाला कुणाकडून काय मिळायचं याचा तो हिशोब आहे. विचार करा, गणित शिकवण्यासाठी गावातल्या व्यवहारातून हिस्सा काढून ठेवलेला. मुलं शिलालेखापाशी फार वेळ थांबली नाहीत. बाहेर ऊन होतं, देवळाची सावली अंगणात पडली होती, आणि दोघांनी माझ्या आधीच सुतळी काढली होती.

अडचण एवढीच, की आपली शाळा जूनमध्ये उघडते, समरूपता हा पहिला धडा असतो, आणि तेव्हा आभाळ भरलेलं असतं. सावलीची सगळी गणितं दिवाळीनंतर करण्याजोगी होतात, तोवर धडा कधीच संपलेला असतो. म्हणून पहिल्या प्रकरणात मी सावली घेतलेली नाही. भास्कराचार्यांनी आपल्या ज्योतिषग्रंथातल्या गोलाध्याय या भागात ज्याला धीयंत्र म्हटलं आहे, ते म्हणजे हातात एक काठी आणि डोक्यात बुद्धी. त्यातच पाण्यातल्या प्रतिबिंबावरून वेळूची उंची काढण्याचा प्रकार आहे. आपणही पाण्यापासूनच सुरुवात करू. स्वयंपाकघरातली परात घ्या, तिच्यात बोटभर पाणी घाला आणि झाडापासून ६ मीटरवर सपाट जागी ठेवा. परातीकडे तोंड ठेवून मागे मागे सरका, पाण्यात झाडाचा शेंडा दिसेपर्यंत. तिथे पायाजवळ खूण करा. समजा परातीपासून तुम्ही १.२ मीटरवर आहात आणि डोळे जमिनीपासून १.४ मीटरवर. दोन त्रिकोण कुठे आहेत, कोणती बाजू कुणाची, हे आधी वहीत काढा. झाड ७ मीटर निघेल. फक्त परात ठेवल्यावर पाणी स्थिर होईपर्यंत थांबावं लागतं, आणि वारा असेल तर जरा जास्तच.